पाद्रीबाबांचं पथ्य

दर रविवारी प्रार्थना संपली की गावातल्या बायका आपापली भांडी पाद्रीबाबांपुढे चटईवर मांडायच्या, आणि पाद्रीबाबांचा हात नेमका उनाइसीच्याच कोकोंडाकडे जायचा. लिंबाच्या रसात मुरलेली कच्ची मासळी, वर नारळाचं दूध. वाडगा तोंडाला लावून ते तळाचा आंबट रससुद्धा पिऊन टाकायचे. शेजारचा लोसालिनीचा उकडलेला मासा आणि अळकुड्या मात्र जशाच्या तशा घरी परत.

"लिंबं पिळायला काय अक्कल लागते?" लोसालिनी धुसफुसायची. "पोट जळेल ना एक दिवस, तेव्हा कळेल!"

आणि जळलंच. सुवा शहरातल्या डॉक्टरांनी पाद्रीबाबांचं आंबट साफ बंद केलं.

पुढच्या रविवारी त्यांनी उनाइसीचा वाडगा हळूच बाजूला सारला आणि लोसालिनीचं भांडं पुढ्यात ओढलं. "आजपासून मला हिच्याच हातचं वाढा."

लोसालिनीला आभाळ ठेंगणं झालं. उनाइसीचा पडलेला चेहरा नीट दिसावा म्हणून ती मुद्दाम तिच्याकडे वळून बसली आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "इतक्या जणींत तुम्हाला माझंच नाव कसं हो आठवलं, पाद्रीबाबा?"



"डॉक्टर म्हणाले, ज्याला कसलीच चव नसते असं काहीतरी खा. मग दुसरं कुणाचं नाव सुचणार, बाई?"