बिराप्पाची हाळी

"आबा, इथं ओरडायचं नाही हं," लेकानं जीपमध्ये चढतानाच बजावलं होतं.

केनियाच्या त्या माळावर झेब्र्याचं पिल्लू कळपाच्या मागे पडलं होतं आणि गवतातून सिंहीण सुटली होती. पिल्लू जिवाच्या आकांतानं कळपाकडे धावत होतं. जन्मभर मेंढरं राखलेल्या बिराप्पाला राहवेना.

"आरं, कुणीतरी हाकला की तिला!"

"आबा, जंगल आहे हे. आपला मेंढवाडा नाही."

बिराप्पा उठला आणि चुकलेल्या कोकराला परत बोलवायला घालतात, तशी लांब हाळी त्यानं घातली. पिल्लू थबकलं. कान टवकारून त्यानं जीपकडे पाहिलं. तेवढ्यात सिंहिणीनं त्याला गाठलं.

धुरळा बसल्यावर लेक हळूच म्हणाला, "आबा, ती नाहीतरी सोडणार नव्हतीच त्याला."

"पळत होतं रे ते," बिराप्पा म्हणाला.