न पडणारा

निनादची स्मृती गेल्याचं कळलं त्या सकाळी त्यानं तीन कपांत चहा ओतला आणि विचारलं, "बाबा, आई अजून उठली नाही?" दोन वर्षांपूर्वी तिला त्यानंच अग्नी दिला होता.

त्याचा ठोसा जबर, पण हनुवटी कच्ची. एका फटक्यात आडवा व्हायचा. म्हणून बॉक्सिंग संघटनेनं त्याच्या मानेत शुद्ध जाऊ न देणारी चिप बसवली.

दुपारी संघटनेचे खर्डेकर पेढे घेऊन आले. "भाऊराव, सोळा लढती झाल्या. पोरगा एकदा तरी पडला का?"

"पडला असता तर मार तिथंच थांबला असता. तुमच्या कुत्र्याला बसवाल का ही चिप?"

"रविवारी फायनल आहे," म्हणत खर्डेकरांनी पेढा स्वतःच खाल्ला.

भाऊरावांनी खर्डेकरांना घराबाहेर काढलं. आई गेल्याचं निनादला सांगायचं अजून राहिलं आहे.