आरशावरची पन्नी

लीलाबाई लग्न होऊन आंजीला आली, तिच्या मागोमाग बैलबंडीतून आंदणाची लोखंडी आलमारी आली. आलमारीच्या आरशावर ओरखडे पडू नयेत म्हणून कारखान्यातूनच पातळ, पारदर्शक पन्नी चिकटवलेली होती. लीलाबाईनं कोपऱ्यात नख घातलं, तशी सासू देवकाबाई म्हणाली, "हात नको लावू. सोयरिकीचा काय भरोसा? उद्या वापस द्या लागली त जशीच्या तशी देता आली पाह्यजे."

सासू नक्की कोणाबद्दल बोलते आहे, ते लीलाबाईनं विचारलं नाही.

पुढं दोन लेकरं झाली, पन्नी पिवळी पडली, आणि त्या धुरकट आरशात लीलाबाई अंदाजानंच कुंकू लावत राहिली.

तिची माय आधीच गेली होती. सिंदीला वडलांची तेरवी आटोपून, माहेरच्या घराला कुलूप लावून ती परतली, तर आरसा लख्ख. देवकाबाई ओल्या फडक्यानं काच पुसत होती.

"पन्नी काऊन काढली, आत्याबाई?"

देवकाबाईनं आरशातूनच तिच्याकडे पाहिलं.

"आता कोनाले वापस द्याची?"