फळीवरचे कागद

दिवाळीच्या साफसफाईत कुंदाताई फळीवरचे जुने वर्तमानपत्री कागद काढता काढता मथळे मोठ्याने वाचत होत्या.

"'नवरदेवासह वरातीचा घोडा पसार!'"

अच्युतराव खळखळून हसले.

"आणि हे ऐका. 'मांजराला वाचवताना तरुण विहिरीत बुडाला, मांजर सुखरूप.' मांजराची खुशाली कळवायची काय ती हौस!" कुंदाताईंना हसू आवरेना.

तो तरुण त्यांचाच मुलगा निखिल. तो गेल्यावर कुंदाताईंनी अन्न सोडलं, तेव्हा अच्युतरावांच्या संमतीने डॉक्टरांनी त्याच्या सगळ्या आठवणी कुंदाताईंच्या मेंदूतून काढल्या. अच्युतरावांनी घरातले फोटो हलवले. फळी राहून गेली.

हसता हसता कुंदाताई थांबल्या. "त्याच्या आईचं काय झालं असेल हो?"

"सावरली असेल," म्हणत अच्युतरावांनी तो कागद खिशात घातला. "तू पुढचं वाच."