सोमवारची टोपली

टोपलीतली चौथी अळंबी डॉक्टर राडोवाननी उचलली आणि त्यांचा हात तिथेच थांबला.

फिकट हिरवी टोपी. पांढरा देठ, त्याला झालर. देठाच्या बुडाशी, मातीत लडबडलेली, एक फाटकी पांढरी पिशवी. एवढी एक अळंबी दोन म्हाताऱ्या माणसांचा जीव घ्यायला पुरून उरली असती. डॉक्टरांनी अख्खी टोपली कचऱ्याच्या डब्यात रिकामी केली आणि साबण लावून हात धुतले.

हे डॉक्टर पोटदुखीचे नव्हेत, अळंब्यांचे. चेक देशातल्या ब्रनो शहरात, त्या खोलीत मोसमभर दर सोमवारी दुपारी ते फुकट बसत. जंगलातून वेचून आणलेलं लोक त्यांच्यापुढे ओतत, आणि खायचं कुठलं, फेकायचं कुठलं ते डॉक्टर सांगत. कुणी काडेपेटीतून एखादा किडा आणी, त्याचंही नाव त्यांना ठाऊक असे. अट एकच. अळंबी चाकूनं कापलेली नको, मुळासकट हवी. जहराची खूण बऱ्याचदा मातीखालीच राहते.

समोर व्लास्ताबाई बसल्या होत्या. वय अठ्ठ्याहत्तर. दोन वर्षांत मोसमातला एकही सोमवार त्यांनी चुकवला नव्हता. उलट तासभर आधीच येत, आणि बाहेरच्या बाकावर टोपल्या घेऊन बसलेल्या बायकांमध्ये त्यांचं हसणं आतपर्यंत ऐकू येई. आज मात्र त्यांचा चेहरा उतरला होता.

"बाई, आता पुरे झालं," डॉक्टर म्हणाले. "नवऱ्याला सांगून टाका."

नवऱ्याचं नाव बोहुश. पन्नास वर्षं त्यानं वेचून आणलं आणि बाईंनी निर्धास्त खाल्लं. मग त्याची नजर अधू झाली. तरी सोमवारी सकाळी तो जंगलात जाईच. दुपारी तो आडवा झाला की केस कापायला जाते असं सांगून बाई टोपली रुमालाखाली झाकून इथे आणत. वाईट तेवढं इथेच टाकत. उरलेलं संध्याकाळी अंडी आणि शहाजिरं घालून परतत. त्याला याचा पत्ताही नाही, असं त्या म्हणत.

"सांगितलं तर तो जंगलात जायचा थांबेल," बाई म्हणाल्या. "खिडकीपाशी खुर्ची घेऊन बसेल. मग किती दिवस काढेल, सांगा."

"आणि एखाद्या सोमवारी मीच आजारी पडलो तर?"

"तर त्या दिवशी बटाटे उकडीन."

डॉक्टरांना हसू आलं नाही. ही बाई त्यांना आवडायची, म्हणूनच त्यांना धास्ती वाटत होती.

"पुढच्या सोमवारपर्यंत तुम्ही सांगा. नाहीतर मी घरी येऊन सांगेन."

बाईंनी रिकामी टोपली उचलली. जाताना त्या बाकावर टेकल्याही नाहीत.

पुढच्या सोमवारी ती टोपली एका उंच, वाकलेल्या म्हाताऱ्याच्या हातात आली. टेबलाची कड चाचपत तो बसला.

"मी बोहुश. व्लास्ताचा नवरा."

डॉक्टरांनी चार कडक वाक्यं तयार ठेवली होती. पण म्हातारा आधीच बोलायला लागला.

"आठवडाभर ती झोपली नाही. नळ सोडून स्वयंपाकघरात रडते. म्हटलं, डॉक्टरसाहेब काहीतरी बोलले असणार."

"म्हणजे तुम्हाला माहीत आहे?"

"अहो, बायको दर सोमवारी केस कापायला जाते आणि केस होते तेवढेच. परत येते ती अळंब्यांच्या सूपच्या नव्या नव्या कृती घेऊन. माझी नजर गेलीय, अक्कल नाही."

डॉक्टरांनी वाकून टोपलीत पाहिलं.

"जन्मभर मी चाकूनं कापून स्वच्छ आणायचो. तुमची अट शेजाऱ्याकडून कळली, तेव्हापासून मुळासकट उपटतो. ती चिडते, सगळं घर मातीनं भरतोस म्हणते. पण कापलेलं तुम्ही तपासणार कसं?"

"मग जाता कशाला?" डॉक्टरांचा आवाज चढला. "दिसत नाही हे कळतंय, आणि तरी जाता. गेल्या सोमवारी काय आणलं होतंत, ठाऊक आहे?"

"ती परत आली तेव्हा तिच्या तोंडावरून कळलं." म्हाताऱ्यानं मान खाली घातली. "मला काय हौस आहे, डॉक्टरसाहेब? गुडघे दुखतात. ओढ्यापाशी दोनदा पडलोय. जंगलाचा मला आता कंटाळा येतो."

"मग?" डॉक्टरांनी विचारलं.

"वरच्या मजल्यावर तिची बहीण राहायची," बोहुश म्हणाला. "ती गेली, आणि व्लास्ता उंबरा ओलांडेना. पावसुद्धा मीच आणायचो. दिवसात दोन शब्द बोलली तरी पुष्कळ. मग माझी नजर अधू झाली, आणि एका सोमवारी ती घाबरून तुमच्याकडे धावली. त्या संध्याकाळी ती जेवताना बोलली. केस कापायला म्हणे कोण कोण आलं होतं, कुणाची सून कशी आहे, सगळं. वर्षानंतर तिचा आवाज ऐकला मी."

त्यानं टोपली डॉक्टरांकडे सरकवली.

"तिला काही सांगायला लावू नका. मी जंगलात जायचा थांबलो, तर सोमवारी ती जाणार कुठे?"