पेशींची सूज

पुदिना आणि निलगिरीचे अर्क एकत्र दिले तर पेशींची सूज उतरते, हे दादाला सिद्ध करायचं होतं. गोळ्या घ्यायला आई आणि तिच्या चाळीस मैत्रिणी आपापले दुखरे गुडघे घेऊन हजर झाल्या. दोन महिन्यांनी सगळ्याजणी "एकदम बरं वाटतंय" म्हणाल्या. मग दादाने यादी उघडली.

"आई, तुझ्या गोळीत नुसतं पीठ होतं."

"सख्ख्या आईला पीठ चारलंस?"

"अगं, अर्ध्याजणींना पीठच द्यायचं असतं, चिठ्ठ्या टाकून. पण मग तुझा गुडघा बरा कसा झाला?"

"बरा कुठला! तुझी संशोधनाची तीन वर्षं वाया जाऊ नयेत म्हणून म्हटलं तसं."

दादाने पेन उचललं. "ठीक आहे. तुझं एकटीचं नाव वगळतो."

"एकटीचं कशाला?" आई म्हणाली. "बाकीच्या चाळीसजणींना मीच पढवलं होतं."