गेनबाचा वाघ

“नाव घ्यायचं आणि मगच बसायचं,” नर्सबाई म्हणाल्या. “नवऱ्याचं. उखाण्यात.”

भोरच्या दवाखान्याच्या पडवीत त्या दिवशी सुईणींचा सरकारी वर्ग सुरू झाला होता. गावोगावच्या बायका. निम्मा मुलूख त्यांच्या हातून जन्माला आलेला, पण बहुतेक एकमेकींना अनोळखी. अशा गप्प बसल्या होत्या, की भिंतीवरच्या पालीलाही चुकचुकायची चोरी. म्हणून नर्सबाईंनी ही युक्ती काढली. दोन उखाण्यांत पडवी खिदळायला लागली.

वेल्ह्याकडच्या सगुणाबाईचा उखाणा नऊ वर्षं तयार होता. नवरा, गेनबा, मीठ आणायला घाट उतरून कोकणात गेला तो परतलाच नाही. दरीत पडला, असं गावानं ठरवून टाकलं. सासू बांगड्या फोडायला दगड घेऊन आली. “मडं दावा, मंग फोडा,” म्हणत सगुणाबाईनं तोच दगड उचलला, तेव्हा सासू जी पळाली ती तोरणा चढूनच थांबली म्हणतात. तेव्हापासून सगुणाबाईच्या कपाळावर रुपयाएवढं कुंकू. त्या कुंकवापायी ती भावकीशी भांडली, आणि शेजारच्या साळूबाईशी तर रोज. साळूबाईही सुईणच; आत्ताही तिला चिकटूनच बसली होती.

किकवीची बाळाबाई उठली. आईच्या माघारी तिचं सुईणपण करणारी, तरणी, आणि स्वतःच दिवस भरत आलेली.

“सुईणच बाळंतीण झाल्यावर नाळ कापंल कोण गं?” कुणीतरी टोमणा मारला.

बाळाबाई लाजली. मग खाली बघत म्हणाली,

“तोरण्याच्या वाघाशी झुंजताना फाटला कान,
गेनबारावांमुळं मला किकवीत मान.”

हशा पिकला. “खरंच वाघ?” नर्सबाईंनी विचारलं.

“व्हय तर. डावा कान निम्माच हाय. लई सोसलंय वो त्यांनी. मागंपुढं कुणी न्हाई, एकटा जीव. आजूनबी झोपंत दचकत्यात.”

तो वाघ सगुणाबाईच्या चांगला ओळखीचा होता. तिच्याच गोठ्यात बांधलेला असायचा, त्याला शिंगं होती, आणि दोन्ही वेळा त्याचं दूध तीच काढायची. म्हशीनं शिंग मारलं त्या दिवशी गेनबाच्या कानावर हळद दाबून तीच बसली होती; पुढं लाजेपायी त्यानं तो कान कायम मुंडाशाखाली झाकला, साळूबाईलाही कधी दिसला नाही.

जित्ता होता. सगळ्या गावाविरुद्ध ती एकटी म्हणत होती, ते खरं होतं.

“आता सगुणाबाई,” नर्सबाई म्हणाल्या.

साळूबाईनं कोपरानं ढोसलं. “ऊठ की. जित्ता हाय म्हनून माजं डोकं खातीस ना? घे मग नाव.”

सगुणाबाई उठली. समोर बाळाबाई पोटावर हात ठेवून, तोंड वर करून, हसत तिचा उखाणा ऐकायला बसली होती. सगुणाबाई तिच्याकडे बघत राहिली. मग तिनं पदर कपाळावरून फिरवला, घाम पुसावा तसा.

“माजे मालक वारले, बाई. गाव सांगत हुतं. म्याच आयकलं न्हाई.”

नऊ वर्षं हेच सांगत आलेली साळूबाई तोंडात पदर कोंबून रडायला लागली. बाळाबाई जमिनीला हात टेकत कशीबशी उठली, जवळ आली आणि तिनं सगुणाबाईचा हात धरला.

“आक्का, मला आय न्हाई. माजं बाळंतपन तुमी कराल?”

सगुणाबाईनं हात सोडवून घेतला नाही.

“करीन,” ती म्हणाली. “पर त्या दिशी तुज्या मालकाला घरात ठिवू नगंस.”